उदबत्ती बंद, खिडक्या बंद, बाकी सगळं चालू

कॅम्लूप्स, कॅनडा, ऑगस्टमधला रविवार

ती. आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

हे टाईप करून व्हॉट्सॲपवर पाठवतोय पण बाबा, तुम्ही मोबाईलवर वाचू नका, मोतीबिंदूनंतर डॉक्टरांनी काय सांगितलंय ते आठवा, स्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून आणा आणि आईला मोठ्याने वाचून दाखवा. फोनवर सांगायचं तर आपलं बोलणं तीनच वाक्यांत संपतं, धूर आहे का, आहे, मग परत ये. आणि गेले महिनाभर तर बाबा "आईला देतो" म्हणून फोनच सोडून देतायत. म्हणून पत्र.

रुसलायत ते कळतं हो मला. विसा झाला, तिकीट झालं, आईने मेतकूट भाजून भरून ठेवलं आणि मी जुलैच्या पहिल्या आठवड्यात सांगितलं की कॅन्सल करा. तुम्हाला वाटलं असणार पोराला आता आपण नको झालो. तसं काही नाही, आणि का नाही ते पुढे लिहितो, आधी इथलं नीट सांगतो कारण टीव्हीवर तुम्ही जे लाल आभाळ बघता तेवढंच आमचं आयुष्य नाहीये.

जंगलातली आग आमच्यापासून लांब आहे. हे पहिलं. धूर मात्र आहे, आणि तो येतो तसा जात नाही कारण आमचं गाव खोऱ्यात आहे, रात्री थंड हवा तळाला बसते आणि वर गरम हवेचं झाकण, कढईवर ताट ठेवल्यासारखं, वारा सुटेपर्यंत धूर आत कोंडून राहतो. डोंगर म्हणाल तर आपल्या माण-खटावसारखे, उघडे, पिवळे, वर्षाचा पाऊस तीनशे मिलिमीटरच्या आत. लोकांना वाटतं कॅनडा म्हणजे बर्फ, आणि इथे परवा दुपारी ३८ होतं! सूर्य तांब्याच्या हंड्याच्या बुडासारखा दिसतो, सावली पडते ती पण फिकट, आणि गाडीवर सकाळी राख असते. चिमी म्हणाली बाबा, बर्फ पडला.

आई, तुला आठवतं का मार्च-एप्रिलमध्ये गच्चीवर तू कुरडया घालायचीस आणि नेमकं त्याच दिवशी मागच्या उसाच्या फडात पाचट पेटवायचे, मग ती काळी काळी उडती राख येऊन कुरडयांवर बसायची आणि तू गच्चीवरूनच त्या शेतवाल्याच्या सात पिढ्या काढायचीस. वरती सदाशिवगडाकडच्या डोंगरावर वणवा लागला की रात्री ती नारिंगी रेघ बघायला आम्ही पोरं गच्चीत झोपायचो. म्हणजे धूर मला काही नवा नाही. फक्त तिकडे तो तासाभरात जायचा, इथे दहा-दहा दिवस मुक्काम करतो.

इथे हवेचा आकडा असतो, १ ते १०, आणि त्याच्याही वर गेला की नुसतं "१० प्लस" म्हणतात, पुढे मोजतच नाहीत. ३ पर्यंत चांगलं, ७ किंवा वर गेलं की बाहेरची दगदग कमी करायची, लहान मुलं आणि म्हाताऱ्यांनी तर नक्कीच. सकाळी उठून चहाच्या आधी मी तो आकडा बघतो, जसं बाबा तुम्ही कोयनेचं पाणी किती टीएमसी झालं ते पेपरात बघता तसं. आमचा सगळा दिवस त्या आकड्यावर ठरतो. गंमत म्हणजे उन्हाळ्याचा नियम आणि धुराचा नियम एकमेकांच्या विरुद्ध आहेत. उन्हाळा म्हणतो दिवसा पडदे लावून घर बंद ठेव आणि रात्री सगळ्या खिडक्या उघड. धूर म्हणतो रात्री पण उघडायच्या नाहीत. मग आम्ही दोन वेळा उठून आकडा बघतो, खाली आला असला तर उघडायच्या, परत चढला की लावायच्या. अश्विनी म्हणते तान्हं बाळ बरं, ते तरी कधीतरी झोपतं.

बाबा, आता हे खास तुमच्यासाठी. मी हवा गाळायचं मशीन घरी बनवलंय. वीस इंची चौकोनी टेबल फॅन, इथे बॉक्स फॅन म्हणतात, त्याच्या खाली चार फिल्टर उभे करून खोका करायचा, तळाला पुठ्ठा, सगळ्या फटी रुंद चिकटपट्टीने बंद, आणि फॅन वरच्या दिशेने हवा फेकतो, म्हणजे बाजूने घाण हवा आत शिरते आणि वरून स्वच्छ निघते. २०२० मध्ये कोविडच्या वेळी कॉर्सी आणि रोझेंथल म्हणून दोघांनी ही युक्ती काढली, त्यांच्याच नावाने ओळखतात. फिल्टरवर बाण असतो, तो आतल्या बाजूला यायला पाहिजे, पहिल्यांदा मी एक उलटा लावला होता आणि अर्धा दिवस बघत बसलो की तीन काळे पडतायत, चौथा पांढरा कसा. तुम्ही असता तर लांबूनच ओळखलं असतं. डेपोत एसटीचे एअर फिल्टर तुम्ही फरशीवर आपटून धूळ काढायचात ना, मी पण तेच करायला गेलो तर कळलं हे झटकायचे नाहीत, बारीक कण धाग्यांत अडकलेले असतात, काळे पडले की फेकायचे आणि नवे आणायचे. तरी विकतच्या मशीनपेक्षा स्वस्त पडतं. आवाज मात्र पिठाच्या गिरणीसारखा. चिमीने त्याला नाक-डोळे काढलेत आणि त्याचं नाव "बंड्या" ठेवलंय. रात्री झोपताना "बंड्याला लाव" म्हणते.

आता स्वयंपाक. आई हे वाचून तू हसशील नाहीतर चिडशील. घर बंद असताना आत जो धूर होतो तो पण धूरच, त्यामुळे ज्या दिवशी आकडा मोठा त्या दिवशी फोडणी बंद, तळण बंद, आणि उदबत्ती पण बंद. श्रावण चालू असून! देवापुढे फूल ठेवतो, तुपाचं निरांजन दोन मिनिटं लावून लगेच शांत करतो, देवाला पण दमा असेल म्हणायचं. पहिले दोन दिवस वाटलं बिनफोडणीचं काय खायचं माणसाने, आणि मग एकेक आठवायला लागलं. दहीभात, वरून कच्चं आलं. काकडीची कोशिंबीर दाण्याचं कूट घालून. दडपे पोहे केले, त्याला तू गरम तेलाची फोडणी देतेस पण मी कच्चं तेलच चोळलं, लिंबू जरा जास्त पिळलं, वाईट नव्हते लागत. पापड मायक्रोवेव्हमध्ये. आणि ताक, ताक, ताक. अश्विनीने चार दिवसांनी विचारलं आपण घरात राहतोय का उपासाच्या शिबिरात.

पण फळं! बाबा, तुम्ही विचारता ना तिथे खायला काय मिळतं. इथून दोन तासांवर ओकानागन म्हणून खोरं आहे, सगळ्या बागाच बागा, जुलैत चेरी, मग जर्दाळू, आणि आता पीच. रस्त्याच्या कडेला पेटी लावून विकतात, आपल्याकडे महामार्गाला स्ट्रॉबेरी घेऊन बसतात तसं. मागच्या रविवारी एक पेटी आणली, पेपरात गुंडाळून ठेवली, दोन दिवसांत वास सुटला. गरम पाण्यात मिनिटभर टाकून काढला की साल आपोआप सुटतं, मग हाताने कुस्करून वेलदोडा आणि चिमूटभर मीठ, आणि गरम पोळी. पोळीला धूर होत नाही, तवा मंद ठेवला तर. आमरस नाही हो तो, उगाच खोटं कशाला बोलू, पण बाहेर भरदुपारी संध्याकाळ झाल्यासारखा केशरी उजेड, आत बंड्याची घरघर, आणि आम्ही तिघं मनगटापर्यंत रस ओघळवत खातोय. चिमीने वाटी चाटून झाल्यावर विचारलं आजी रस करते तो असाच का. मी म्हणलं त्यापुढे हे पाणी आहे. मग म्हणाली मग आजी का नाही आली.

तर ते.

बाबा, २०२१ च्या जूनमध्ये आम्ही इथे नवीनच आलो होतो तेव्हाची गोष्ट तुम्हाला मी कधी नीट सांगितली नाही, कारण तुम्ही तिथे काळजी करत बसला असता. आमच्या गावातली थॉम्पसन नदी खाली जाऊन जिथे दुसऱ्या मोठ्या नदीला मिळते तिथे लिटन म्हणून छोटं गाव आहे, दोनेक तासांवर. २९ जूनला तिथे ४९.६ डिग्री झालं, आख्ख्या कॅनडात तोपर्यंत कधीच एवढं झालं नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी ते गाव जळालं. त्या आठवड्यात आमच्याकडे पण ४७ च्या वर गेलं होतं, आम्ही दोघं ओला टॉवेल अंगावर घेऊन बाथटबला टेकून बसायचो. नंतर सरकारने मोजलं तर या एका प्रांतात त्या उष्णतेने ६१९ माणसं गेली, बहुतेक सगळी वयस्कर, आणि जवळजवळ सगळी आपापल्या घरात. रस्त्यावर नाही, घरात. हे वाचल्यापासून मला दमा असलेला कुणीही म्हातारा माणूस ऑगस्टमध्ये या खोऱ्यात नको वाटतो, आणि तुम्ही तर माझे बाबा आहात. तुम्हाला मी "नको" म्हणलं ते फोनवर, घाईत, ऑफिसच्या पार्किंगमध्ये उभा राहून म्हणलं, ते चुकलं. कारण सांगायला हवं होतं. इन्शुरन्सवाल्याने पण आधीपासूनचा दमा धरणार नाही असं सांगितलं होतं, ते वेगळंच.

घाबरू नका, आमची तयारी असते. दोन पायऱ्या असतात, आधी तयार रहा म्हणून सांगतात, मग निघा म्हणून हुकूम येतो. आम्हाला दोन्हीपैकी काहीच आलेलं नाही, तरी दाराजवळ एक बॅग भरून ठेवलीये. पासपोर्ट, सर्टिफिकेटं, औषधं, टॉर्च, चिमीचा इन्हेलर (हो, तिला पण थोडंसं निघालंय, तुमच्यावर गेलीये), आणि अश्विनीने सगळ्यात वर काय ठेवलं असेल तर आईने दिलेला गोडा मसाल्याचा डबा. मी म्हणलं अगं हे काय, तर म्हणे पासपोर्ट परत मिळतो.

गुरुवारी वारा सुटला. दुपारी ९ होता तो आकडा संध्याकाळी ३ वर आला आणि आख्खं गाव बाहेर पडलं, जसं पहिल्या पावसानंतर आपल्या घाटावर पडतं. आम्ही पण नदीवर गेलो. तुम्हाला सांगितलंय ना, कॅम्लूप्स हे नावच मुळात इथल्या मूळ लोकांच्या भाषेतलं, अर्थ नद्या मिळतात ती जागा. म्हणजे मी एका संगमावरून उठून दुसऱ्या संगमावर येऊन बसलोय. आपल्या कृष्णा-कोयना कशा समोरासमोर येऊन भेटतात आणि मग दोघी मिळून वळतात, इथे तसं नाही, एक उत्तरेकडून येते आणि पूर्वेकडून येणारीच्या कुशीत शिरते. पूर्वेची जरा नितळ असते, मोठ्या तळ्यात गाळ खाली ठेवून येते म्हणून, उत्तरेची मातकट. चिमी गुडघाभर पाण्यात उभी राहून विचारत होती यातली आपली कुठली. पाणी बर्फाचं, पाय बधिर होतात, पण बाहेर पडायला तयार नाही. परत येताना मक्याची कणसं घेतली, कुकरला उकडली, तूप, मीठ, तिखट. रात्री सगळ्या खिडक्या उघडून झोपलो आणि पहाटे चारला धुराच्या वासाने उठून परत लावल्या, पण ते सहा-सात तास काय झोपलोय म्हणून सांगू.

शेजारच्या म्हातारीने दाराशी पुन्हा दोन भलेमोठे झुकिनी ठेवलेत, इथे ऑगस्टमध्ये ज्याच्या त्याच्याकडे ते एवढे येतात की लोक गुपचूप एकमेकांच्या दाराशी ठेवून पळतात. किसून थालिपीठात ढकलतोय. आई, भाजणी संपत आलीये.

तर माझं म्हणणं असं आहे की मेच्या शेवटी या. सहसा धूर नसतो, डोंगर तेवढे दिवस हिरवे असतात, संध्याकाळी नऊनंतर पण उजेड, बाबांना नदीकाठाने सरळ सपाट फिरायला रस्ता आहे, मध्ये मध्ये बाकडी आहेत. आणि तेव्हा रूबार्ब येतो, लाल देठाची आंबट भाजी, पानं विषारी असतात पण देठ उकडून गूळ-वेलदोडा घातला की पन्हं होतं, कैरीच्या जवळपास जातं. आई ते पिऊन तोंड वाकडं करेल ते मला बघायचंय. जुलै लागायच्या आत तुम्हाला परत पोचवतो. पीच चुकतील, पण ते मी खातो तुमच्या वाटचे. पण बाबा, हो का नाही ते तुम्ही सांगा, आईकडे फोन देऊ नका. माझे रात्रीचे आठ म्हणजे तुमचे सकाळचे साडेआठ, चहा झालेला असतो, मी उद्या त्याच वेळेला करतो.

कळावे,
तुमचा,
बाळू

ता. क. बाबा, कराडात तो वीस इंची फिल्टर मिळत नसला तर साध्या पंख्याला काही बांधत बसू नका, मोटर तापेल. तुमच्यासाठी चार फिल्टर येणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठवतो, गुऱ्हाळांच्या सीझनमध्ये कामाला येतील.

ता. क. २. आत्ता पावणेबारा झालेत, आकडा ४ झालाय. उठतो, खिडक्या उघडायच्यात.