कुमारवाचकांना बोधामृत नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कुमारवयीन मुलांच्या वाचनावरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. लेखिकेने स्कॉट वेस्टरफेल्ड यांच्या ‘अग्लीज’ या कादंबरीची ओळख आस्थेने करून दिली आहे. मात्र सेल्फीच्या जमान्याने अशा पुस्तकांना जन्म दिला असं त्या म्हणतात, आणि समारोप ‘खरं सौंदर्य मनाचं’ या वाक्यावर करतात. पहिला मुद्दा लगेच निकालात निघतो. ‘अग्लीज’ आली २००५ मध्ये, इन्स्टाग्राम २०१० मध्ये. त्याच्या कितीतरी आधी, १९६४ साली, ‘द ट्वायलाइट झोन’ या अमेरिकी मालिकेच्या एका भागात ठरावीक साच्यांतून नवं शरीर निवडायला नकार देणारी मुलगी दाखवली होती. सगळं खापर फोनवर फोडायची आपल्याला सवयच लागली आहे म्हणा.

मनाच्या सौंदर्याबद्दल मात्र जरा सविस्तर लिहायला हवं. कादंबरीतल्या शहरात सोळा वर्षं पूर्ण झाली की प्रत्येकाला शस्त्रक्रियेने सुंदर केलं जातं. नायिका टॅली या प्रकाराच्या विरोधात मुळीच नाही, ती त्या दिवसाकडे डोळे लावून बसली आहे. तिची मैत्रीण शे हिच्यासोबत ती पडद्यावर स्वतःच्या चेहऱ्याचे उभे दोन भाग करते, डाव्याला डावा आणि उजव्याला उजवा जोडून कुठली बाजू बरी ते बघते. टॅली त्यात रंगून जाते, शेला त्यात फारशी गोडी नाही. मुलं एकमेकांना हाका मारतात त्याही व्यंगावरून. कुणाला बारीक डोळ्यांवरून, कुणाला नाकावरून. आपण कुरूप आहोत हे त्यांना कुणी पटवून द्यावं लागत नाही.

शिवाय व्यवस्थेची बाजू लंगडी नाही, आणि लेखात नेमकं हेच सुटलं. पूर्वी कातडीच्या रंगावरून माणसं एकमेकांच्या जिवावर उठत, देखण्यांना विनाकारण झुकतं माप मिळे. सगळेच देखणे झाले की तंटाच मिटला, असं तिथे शाळेत शिकवतात. पंधरा वर्षांच्या वाचकाने या युक्तिवादाशी झुंजावं. सुविचार हातात दिला की झुंजायला काही उरतच नाही.

पुढे कळतं की त्या शस्त्रक्रियेत मेंदूलाही बारीक इजा केली जाते. माणसं गोड, समाधानी आणि आज्ञाधारक होतात. पण सगळीच नाही! आग विझवणारे, डॉक्टर, राजकारणी अशा ज्यांना कामात स्वतः निर्णय घ्यावे लागतात, त्यांच्या मेंदूत ती इजा सापडत नाही. चेहरा सर्वांना सारखा, विचार मात्र मोजक्यांच्या वाट्याला. माझ्या मते पुस्तकातली सगळ्यात बोचरी जागा हीच, आणि तिचा मनाच्या सौंदर्याशी काडीचा संबंध नाही. (२०२४ मध्ये आलेल्या चित्रपटात तर ‘कुरूप’ मुलंच इतकी देखणी घेतली आहेत की शस्त्रक्रिया कशासाठी, हा प्रश्न पडावा. कागदावर ही पंचाईत होत नाही.)

कादंबरीवर माझा एक आक्षेपही आहे. दोष सुरीवर ढकलला की आपण सुटतो. प्रत्यक्षात सुरी लागत नाही. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अॅश यांनी १९५० च्या दशकात केलेल्या प्रयोगांत रेषांची लांबी ओळखायची होती, उत्तर डोळ्यांना दिसत होतं. तरीही गटातल्या बाकीच्यांनी ठरवून चुकीचं उत्तर दिलं की सुमारे तीन चतुर्थांश जण एकदा तरी त्यांच्या मागे गेले. पण गटात एक जरी बरोबर उत्तर देणारा निघाला, तर हे प्रमाण खूपच खाली येई. टॅलीलाही शे भेटली नसती, तर ती वाढदिवशी मुकाट्याने शस्त्रक्रियेला गेली असती. स्वतंत्र बुद्धीचा माणूस एकांड्या शिलेदारासारखा रंगवण्याची जी रीत आहे, ती म्हणूनच मला पटत नाही.

तेव्हा एक विनंती. या पुस्तकांवरचं पुढचं लेखन त्याच वयाच्या दोन वाचकांकडून मागवावं, आणि शक्यतो त्यांतल्या एकाला शस्त्रक्रियेची कल्पना पटलेली असावी. त्याचा मजकूर कापू नये.

आपली नम्र,
एक वाचक