कुपवाडच्या टर्नर मामांचे जाहीर आभार

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

समोर आभार मानायला लागलो की तुम्ही "चहा घ्या" म्हणून विषय मिटवता. म्हणून हे उघड पत्र. तुम्ही केलेलं काम चार लोकांना कळावं, आणि ज्यांच्याकडे शिडाची होडी आहे त्यांच्या तर नक्कीच कानावर जावं, असं मला फार वाटतं.

माझी होडी रत्नागिरीला, भाट्याच्या खाडीत असते. शीड चढवायचा दोर डोलकाठीच्या आतून वर जातो, टोकावरच्या चाकावरून वळतो आणि खाली शिडाला येतो. काम विहिरीवरच्या कप्पीचंच. अशी चार चाकं एका ॲल्युमिनियमच्या खोक्यात बसवलेली असतात, दोन पुढं, दोन मागं. गेल्या हंगामात शीड चढवताना दोन माणसांना घाम फुटायला लागला आणि दोराची साल निघायला लागली. पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर घेतल्यावर डोलकाठी उतरवली, आतल्या दोरांच्या जागी सुतळ्या ओवून ठेवल्या आणि तो खोका चाकांसकट गोणपाटात गुंडाळून आंबा घाटानं वर आणला.

एमआयडीसीत दोन-तीन ठिकाणी विचारलं. कुणी म्हणालं, एवढ्याशा जॉबला मशीन अडकवणं परवडत नाही. कुणी म्हणालं, नमुना ठेवून जा, हुबेहूब करून देतो. तुमच्याकडं तेव्हा साखर कारखान्यांच्या ओव्हरहॉलिंगची कामं दारापर्यंत रचून ठेवलेली होती. तरी तुम्ही खोका हातात घेतलात, अंगठ्यानं चाक फिरवून बघितलंत. ते हललं नाही. तुम्ही म्हणालात, "हे फिरायचं का थांबलं ते आधी बघू. न्हाईतर नवं बी असंच बसंल."

मामा, माझे खरे आभार या वाक्यासाठी आहेत.

चाकं जिच्यावर फिरतात ती पिन जाम होती. स्टीलची पिन, ॲल्युमिनियमचा खोका आणि वर्षानुवर्षांचं खारं पाणी, त्यामुळं भोकाच्या कडेनं पांढरी भुकटी दाटून बसली होती. पोरानं हातोडी उचलली तशी तुम्ही ती त्याच्याकडून काढून घेतलीत. तेल सोडून खोका रात्रभर ठेवलात. सकाळी गॅसच्या बारीक ज्योतीनं तो सगळीकडून सारखा तापवलात, कारण ॲल्युमिनियम स्टीलपेक्षा जास्त फुगतं आणि भोक पिनेला सोडतं. मग पितळी ड्रिफ्ट, म्हणजे पिन ठोकून काढायची सळी, लावून हलके ठोके. पिन अर्धी बाहेर आली तेव्हा तिच्यावर नखाला लागेल एवढी पायरी पडलेली दिसली. तीच पिन परत घातली असती तर नवी चाकंही काही दिवसांत अडकली असती.

चाकं बाहेर निघाल्यावर तुम्ही बारीक माप घ्यायचा व्हर्नियर लावलात आणि मला जवळ बोलावून दाखवलंत. चाकं नायलॉनची होती. नायलॉन पाणी पितं. मुरत गेलं तर वजनाच्या आठ-नऊ टक्क्यांपर्यंत. चाक फुगलं, भोक आवळलं, फिरणं थांबलं. मग थांबलेल्या चाकावरून दोर घासत राहिला आणि एका बाजूला सपाट घर पडलं. शिवाय चाकाच्या कडेची, दोर बसायची खाच तळाशी निमुळती होती, पूर्वीच्या तारेच्या दोराच्या मापाची. माझा आठ मिलीमीटरचा दोर तीत चिमटून बसत होता. हुबेहूब नमुना केला असता तर हे सगळे दोष हुबेहूब परत आले असते.

तुम्ही डेलरिन या टणक प्लास्टिकचा रॉड घेतलात. त्यात पाणी जेमतेम टक्काभर मुरतं. आधी चाकाच्या भोकात गनमेटलचा, म्हणजे तांब्याच्या मिश्रधातूचा, बुश (नळीसारखं अस्तर) घालायचा विचार होता, तो तुम्हीच मोडलात, "समुद्रात ॲल्युमिनियमच्या शेजारी तांब्याचा धातू नको." खाचेसाठी दोराचा तुकडा मागून घेतलात आणि लेथवर कापायचं टूल हातानं घासून दोरापेक्षा किंचित मोठ्या गोलाईचं केलंत. एक पास घ्यायचा, दोर दाबून बघायचा, परत एक पास. दोर तळाला टेकला आणि कडेला कुठंच चिमटला नाही तेव्हाच लेथ बंद केलीत. चाक आणि खोक्याची भिंत यांत दोन्हीकडं मिळून अर्धा मिलीमीटर ठेवलात, म्हणजे दोर उडी मारून फटीत अडकायला नको. डेअरीच्या कामातला 316 या जातीच्या स्टेनलेस स्टीलचा तुकडा राखून ठेवलेला होता, त्याची पिन केलीत. दोर वर जाऊन परत खाली येतो, म्हणजे पिनेवर ताणाच्या दुप्पट भार येणार, हे मी सांगायच्या आधीच तुम्ही धरलं होतं. शिडाची होडी आपण कधी जवळून बघितली नाही, हेही तुम्हीच सांगितलंत!

नारळी पौर्णिमेनंतर डोलकाठी उभी केली. मामा, माझ्या बारा वर्षांच्या मुलीनं एकटीनं शीड टोकापर्यंत चढवलं. चाक अडकलेलं असलं की दोर त्यावरून नुसता घसरतो आणि जवळजवळ दुप्पट जोर लागतो. तो सगळा जोर आता वाचला. वाऱ्याचा जोर वाढला की शीड झटपट खाली घेता येणं हा तर जिवाचा प्रश्न असतो, आणि आता ते हात सोडताच सरसर उतरतं. खाडीतून परतल्यावर गोड्या पाण्यानं टोक धुतो आणि ग्रीस लावत नाही, तुम्ही बजावल्याप्रमाणं.

मजुरी तुम्ही रास्त घेतलीत, पण पिनेचे पैसे काही केल्या घेतले नाहीत. त्याबद्दल माझी तक्रार कायम आहे.

आता कामाचं. भाट्याच्या दोघा होडीवाल्यांनी चाकं हातानं फिरवून बघितली आणि लगेच तुमचा पत्ता मागितला. त्यांना मी खोके आणि वापरातल्या दोराचे तुकडे घेऊनच यायला सांगितलं आहे. घाई नाही, कारखान्यांचे बॉयलर पेटले, तुमचा हात मोकळा झाला की कळवा. त्यांना घेऊन येतो, आणि येताना पिनेचे पैसेही आणतो.

आपला,
होडीवाला, सांगली