रिले सर्व्हर आपल्या ताब्यात

महोदय,

टेलस्केल या मेश व्हीपीएनमध्ये, म्हणजे दूरदूरचे संगणक इंटरनेटवरून एकाच खासगी नेटवर्कमध्ये जोडणाऱ्या सेवेत, ऑक्टोबर २०२५मध्ये आलेली ‘पीअर रिले’ ही सोय आपल्याकडच्या लहान कार्यालयांच्या फार उपयोगाची आहे, म्हणून हे पत्र.

नेहमीच्या व्हीपीएनची सगळी वाहतूक एका केंद्रीय सर्व्हरमधून जाते. मेशमध्ये मात्र संगणक वायरगार्ड या कूटबद्ध जोडणीच्या प्रोटोकॉलच्या साह्याने परस्परांशी थेट जोडले जातात. आपल्याकडे मोबाइल कंपन्या आणि अनेक स्थानिक ब्रॉडबँडवाले एकच सार्वजनिक आयपी पत्ता असंख्य ग्राहकांत वाटतात, त्यामुळे दोन्ही टोकांना असे वाटप, म्हणजेच सीजीनॅट, असले की थेट जोडणी पुष्कळदा होतच नाही आणि वाहतूक टेलस्केल कंपनीच्या सामायिक रिले सर्व्हरवरून, म्हणजे ती पुढे पोहोचवणाऱ्या मधल्या सर्व्हरवरून, वळवावी लागते. तिथे मजकूर कूटबद्धच राहतो, पण वेग मर्यादित असतो. शाखेत बसून रिमोट डेस्कटॉपवर मुख्य कार्यालयातील टॅली उघडणाऱ्या लेखनिकाला व्हाउचरमधली रक्कम पडद्यावर उमटण्याची वाट पाहावी लागते, ती अशा वेळी.

पीअर रिलेमुळे हे मधले काम आपल्याच नेटवर्कमधल्या एखाद्या संगणकाकडे देता येते. त्याचे एक यूडीपी पोर्ट (वाहतूक आत घेणारे क्रमांकित दार) इतर संगणकांना पोहोचण्याजोगे हवे आणि रिले कोणी वापरायचा हे टेलस्केलच्या धोरणात, म्हणजे प्रवेशाच्या नियमांत, लिहायला हवे, एवढेच. स्थिर आयपी असलेले मुख्य कार्यालय किंवा भाड्याने घेतलेला लहानसा क्लाउड सर्व्हर त्यासाठी पुरतो.

रिमोट डेस्कटॉपसाठी राउटरवर ३३८९ हे पोर्ट सरळ इंटरनेटला उघडून देण्याची पद्धत अजून सर्रास दिसते, हे मला अत्यंत चिंताजनक वाटते. रॅन्समवेअरवाले नेमके तेच शोधत असतात. पतसंस्था, दवाखाने आणि कर सल्लागार यांची नेटवर्कची कामे करणाऱ्यांनी ही पद्धत आता तरी थांबवून मेश वापरावे. मात्र मेश बसवले म्हणजे काम संपले असेही नाही. टेलस्केलचे मूळ धोरण नेटवर्कमधल्या प्रत्येक उपकरणाला इतर सर्व उपकरणांपर्यंत जाऊ देते, त्यामुळे एक लॅपटॉप चोरीला गेला तरी चोराला सगळीकडची वाट खुली होऊ शकते. कोणी कुठे जायचे हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवावे. शिवाय रिले आपला असला तरी उपकरणांच्या सार्वजनिक किल्ल्या (ज्यांवरून ती एकमेकांना ओळखतात) वाटणारा सर्व्हर कंपनीचाच राहतो. ज्यांना तो स्वतःकडे हवा, त्यांच्यासाठी हेडस्केल हा मुक्त स्रोत पर्याय आहे, आणि इतरांनी निदान टेलस्केलमधले ‘टेलनेट लॉक’ (Tailnet Lock) सुरू करावे, म्हणजे आपल्या स्वाक्षरीशिवाय नवे उपकरण नेटवर्कमध्ये स्वीकारले जाणार नाही.

आपला,
एक नेटवर्क व्यवस्थापक, पुणे