बापूंचा वाकडा जोड

प्रिय अव्या,

आठ महिने झाले, तुझी दोन पत्रं उशाशी पडून आहेत आणि माझ्याकडून एक ओळ नाही. चुकलंच. गुडघा बरा आहे, गोळ्या चालू आहेत, घरी सगळे ठीक. आता मूळ गोष्ट. काल रात्री अकराला वर्कशॉपमध्ये पटाशी हातात घेऊन मी तसाच बसून राहिलो, आणि हे कुणाला सांगावं म्हटलं तर तुझ्याशिवाय दुसरं नावच सुचेना.

बापूंचा हात थरथरला नव्हता, अव्या.

तुला बापू करत होते ती खिडकी आठवत असेलच. तीच, वर अर्धगोल, खाली आडवी पट्टी. तसलीच एक मी घरच्या दारावर बसवायला घेतली आहे. आतली त्रिज्या 250 मिलिमीटर, मोल्डिंगची, म्हणजे नक्षीच्या लाकडी पट्टीची, रुंदी 70. तू असतास तर म्हणाला असतास, पट्ट्या वाकव. आपलं ते भांडण अजून मिटलेलं नाही! तीन-तीन मिलिमीटरच्या पट्ट्या सरस लावून फर्म्यावर आवळायच्या म्हटलं तर तेवीस-चोवीस लागतात. शिवाय वरून राउटरच्या यंत्राने नक्षी काढली की त्याचा फिरता बिट तिरका कापत जातो आणि सरसाची प्रत्येक रेघ उघडी पडते. रंग द्यायचा असता तर तुझं ऐकलं असतं. मला पॉलिश करायचं आहे. शिकंजे सोडले की गोलाई थोडी उघडते ते वेगळंच. आणि लाकूड वाफवून वाकवायचं तर नावच काढू नकोस. 25 मिलिमीटर जाडीला तासभर वाफ, हे गणित तुझं बरोबरच होतं, पण त्या दिवशी खोलीत एवढं धुकं झालं की बापू दारातून विचारत होते, आत कोण कोण आहे?

तर मी तुकडे जोडले. साठ-साठ अंशांचे तीन, प्रत्येकासाठी साधारण 105 रुंदीची फळी, सांध्यात खुंट्या. टोकांचे दोन तुकडे थोडे लांब ठेवले. एका अखंड फळीतून कमान काढली तर टोकांना रेषे आडवे येतात आणि तिथेच ती मोडते, हे बापूंनी गुडघ्यावर मोडूनच दाखवलं होतं. मग प्लायच्या हातावर राउटर, मध्ये खिळा, आणि कंपासासारखं फिरवत एका वेळी दोन मिलिमीटर. प्रत्येक तुकड्यात रेषे सरळ आणि काप गोल. बाहेरच्या कडेला मधल्या उंचवट्याकडून टोकाकडे बिट गोडीने जातो, पण त्याआधीचा अर्धा भाग रेष्यांच्या उलट चढावा लागतो. तिसऱ्या तुकड्यात तिथेच बोटभर ढलपी उडाली. तो तुकडा नवा केला आणि शेवटचा हात अर्ध्या मिलिमीटरचा ठेवला. तेव्हा कुठे अशी गुळगुळीत गोलाई आली की अंगठा फिरवत राहावंसं वाटलं.

आणि मग कोपरा.

कमान आणि आडवी पट्टी काटकोनात भेटतात, म्हणून मी डोळे मिटून पंचेचाळीस अंशांचा काप मारला. आतलं टोक जुळलं, बाहेरचं जवळजवळ 8 मिलिमीटर चुकलं. मग आतल्या कोपऱ्यापासून बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत सरळ रेघ मारून कापलं. दोन्ही टोकं जुळली, पण नक्षीची मधली रेघ 2 मिलिमीटरांनी हुकली. राउटर तपासला, गुण्या तपासला, दोन पट्ट्या वाया घालवल्या. शेवटी प्लायवर पूर्ण मापात रेखाटन काढलं. पट्टीच्या दर 10 मिलिमीटरवर एक सरळ रेघ, कमानीच्या दर 10 मिलिमीटरवर एक वर्तुळाकार रेघ, आणि त्या जिथे एकमेकींना कापतात तिथे टिंब. आठ टिंबं. ती जोडली तर रेघ सरळ नाहीच! हलकीशी वाकलेली, मध्यावर सव्वा मिलिमीटर फुगलेली. शाळेत काढायचो तो पॅराबोला, अव्या. सरळ रेषेपासून आणि वर्तुळापासून सारख्या अंतरावर राहायचं तर रेघ तशीच जाणार, दुसरा मार्गच नाही.

म्हणजे पट्टीचं टोक किंचित फुगीर आणि कमानीचं तेवढंच खोलगट. आठवलं?

आपण बापूंचा तो जोड बघून हसलो होतो. तू म्हणालास, म्हाताऱ्याचा हात थरथरला. आणि मी, मी रंधा आणून दिला. ते जेवायला गेले तेवढ्यात आपण ती फुगीर कड सरळ केली आणि फट राहिली तेव्हा सरसात भुसा कालवून भरली. त्यांनी परत येऊन त्या जागेवर अंगठा फिरवला, आपल्या दोघांकडे बघितलं आणि नवी पट्टी काढायला घेतली. एक शब्द बोलले नाहीत. मला इतकी वर्षं वाटत होतं की त्यांना आपली चलाखी कळलीच नाही.

हे मला खात आहे. ते रागावले असते तर बरं झालं असतं. का सांगितलं नाही त्यांनी? आपण विचारू म्हणून थांबले असतील का? मी रात्रभर तेच घोळवत होतो. विचारलं असतं तर त्यांनी नक्की सांगितलं असतं, ही माझी खात्री आहे, आणि तीच जास्त टोचते.

तू ती गोष्ट अजून सांगतोस. मागे सगळे जमलो होतो तेव्हाही सांगितलीस, 'शेवटी शेवटी बापूंना दिसत नव्हतं' म्हणून, आणि मी मान डोलावली. यापुढे सांगू नकोस. सांगायचीच तर पूर्ण सांग, रंध्यासकट.

तुझ्या बदलीचं कळलं. घर लागलं का? धाकटीचा निकाल चांगला लागला, तिला माझ्याकडून शाबासकी दे. वहिनींच्या हाताचं प्लास्टर निघालं असेल.

एक काम कर. बापूंची पत्र्याच्या फर्म्यांची पेटी तुझ्याकडे आहे. त्यात तळहाताएवढा एक फर्मा होता, एक कड सरळ आणि एक कड जराशी वाकलेली. आपण त्याला बिघडलेली पट्टी म्हणायचो. तो कागदावर ठेव, बारीक टोकाच्या पेन्सिलीने दोन्ही कडा गिरव आणि कागद घडी न घालता पाठव. माझी रेघ काढून झाली आहे, पण कमानीचं टोक अजून कापलेलं नाही. तुझा कागद येईपर्यंत ते तसंच शिकंज्यात ठेवतो.

तुझा,
नाना