बाय, त्या खोलीत तूही जा

मडकई, फोंडा

प्रिय बाय,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "आई, मेकरस्पेस इंजिनिअरिंगवाल्यांचा. इतिहासाच्या मुलीचं तिथे काय काम?" तेव्हा ब्लाऊज न्यायला गिऱ्हाईक दारात उभं होतं, बोलणं तिथंच थांबलं. पण तुझं वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसले.

पालकसभेला आले होते तेव्हा तू वर्गात होतीस आणि मी तो मेकरस्पेस, म्हणजे वस्तू बनवायच्या यंत्रांची तुमच्या कॉलेजातली खोली, पाहून आले. तिथल्या सरांनी वेळ काढून सगळं दाखवलं. थ्रीडी प्रिंटर प्लास्टिकची तार साधारण २०० अंशांवर वितळवतो आणि एकावर एक थर घालत वस्तू उभी करतो. एक थर ०.२ मिलिमीटरचा, त्यामुळे मुठीएवढ्या वस्तूलाही काही तास लागतात. लेझर कटर, सोल्डरिंगची, म्हणजे धातूची तार वितळवून वायरी जोडायची टेबलं, ड्रिल, सुताराची हत्यारं, आणि खिडकीजवळ चक्क शिलाई मशीन. ते पाहिल्यावर माझा संकोच गेला. मी विचारलं, लेझरवर रेक्झिन कापता येईल का? पर्सचे तुकडे कात्रीने कापताना माझा हात भरून येतो. सर म्हणाले, नाही. रेक्झिनवर पीव्हीसीचा थर असतो, तो जळला की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. तो छातीला वाईट आणि यंत्राचं लोखंडही गंजवतो. सुती कापड, फेल्ट, पातळ प्लायवूड चालतं. मग म्हणाले, रेक्झिनचं आजवर कुठल्या विद्यार्थ्याने विचारलं नव्हतं.

शिवणकाम करणाऱ्या बाईला जे विचारावंसं वाटतं, ते कंप्युटरच्या मुलाला सुचणारच नाही, आणि इतिहास शिकणाऱ्या मुलीला जे सुचेल ते आम्हा दोघांनाही नाही. यंत्रं तिथे आहेतच, ती चालवायला शिकवणारं माणूसही आहे. काय बनवायचं, ते मात्र ज्याने त्याने आपल्या विषयातून न्यायचं असतं. सर सांगत होते की बी.ए., बी.कॉम.ची मुलं दारापर्यंत येतात आणि काचेतून बघून परत जातात. मला फार वाईट वाटलं गं ते ऐकून.

तुझा प्रकल्प खाजन शेतीवर, म्हणजे खाऱ्या नदीकाठी बांध घालून केलेल्या शेतीवर आहे ना? आपल्या मानशीचे, बांधातल्या त्या पाण्याच्या दाराचे, फोटो तू काढून नेलेस. पण मानस फोटोत कळत नाही. भरतीला नदीचं पाणी चढतं, त्याच्याच दाबाने लाकडी दार आपोआप मिटतं आणि खारं पाणी शेतात शिरत नाही. ओहोटीला बाहेरचं पाणी उतरलं की आतल्या पाण्याच्या रेट्याने तेच दार उघडतं. इंजीन नाही की वीज नाही. या बांधांच्या आणि दारांच्या जोरावर खाऱ्या नदीच्या काठाला कोरगुट हे भात पिकलं, गावं वसली. आता हे दार तीन मिलिमीटरच्या प्लायवूडमधून लेझरवर कापून, काचेच्या टाकीत बसवून, दोन्ही बाजूंचं पाणी वरखाली करून दाखव. तुझ्या वर्गातल्या ज्या मुलीने जन्मात खाजन पाहिलं नाही, तिलाही मिनिटभरात कळेल. आणि तुला स्वतःला आज आहे त्यापेक्षा कितीतरी जास्त कळेल. बिजागरी कुठे बसते, दार किती तिरकं ठेवायचं, झिरपणारं पाणी कसं अडवायचं, हे प्रश्न लिहिताना पडत नाहीत, दार बसवताना पडतात. ज्यांनी पहिली मानस बांधली त्यांनी नेमकं काय सोडवलं होतं, ते तुला हातानेच समजेल. हा इतिहासाचाच अभ्यास आहे.

आपल्या वाड्यावरचा दिवाळीचा नरकासुर आठव. हात हलवणारा, मान फिरवणारा तो राक्षस कोण बनवतं? एक बस कंडक्टर, एक बँकेतला कारकून, दोन बी.कॉम.ची मुलं आणि एक रंगारी. मोटर कुठे लावायची, वजन कसं तोलायचं, सगळं रात्री जागून एकमेकांत शिकतात. कोण काय शिकलाय हे तिथे कुणी विचारत नाही. मुलींना मात्र त्या मांडवात फारसं कुणी बोलावत नाही, हे मला कधीच पटलं नाही. कॉलेजात दार उघडं आहे, तर तू बाहेर का थांबतेस?

सरांनी सांगितलं त्यातलं बरंच मी नंतर वाचून काढलं. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठात नील गेर्शेनफेल्ड यांनी १९९८ साली 'जवळपास काहीही कसं बनवावं' असा वर्ग सुरू केला. त्यांना मोजके तांत्रिक विद्यार्थी हवे होते, आले शंभरेक, आणि त्यांत कलेचे, वास्तुशास्त्राचेही होते. केली डॉब्सन या कलाकार मुलीने तर किंकाळी साठवून ठेवणारी पिशवी बनवली. गर्दीत ओरडावंसं वाटलं तर आत ओरडायचं, आणि नंतर मोकळ्या जागी तो आवाज बाहेर सोडायचा. मला ती कल्पना फार आवडली. अशी वस्तू इंजिनिअरला सुचली नसती. आर्डुइनो नावाचा, दिवे-मोटर चालवणारा तो छोटा बोर्ड सगळे वापरतात ना, तोही २००५ मध्ये इटलीतल्या इव्रेया गावी डिझाइनच्या विद्यार्थ्यांसाठी तयार झाला, इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्यांना जमावं म्हणून. पुढे लिया ब्यूकली यांनी त्याचा लिलीपॅड केला. तो कापडावर शिवायचा, आणि वीज वाहून नेणाऱ्या दोऱ्याने घातलेले टाके म्हणजेच त्याची वायरिंग. धावदोरा तुला चौथीपासून येतो!

आणि हे सगळं परदेशातलंच आहे असं समजू नकोस. एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी, म्हणजे अशाच वस्तू बनवायच्या खोल्यांपैकी, एक पुणे जिल्ह्यातल्या पाबळला, विज्ञान आश्रमात, २००२ साली निघाली. तो आश्रम डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केला, शाळा सुटलेल्या खेड्यातल्या मुलांना काम करता करता शिकवायला. शाळा सुटलेली मुलं तिथे शिकली. तू तर एम.ए.ला जाणार आहेस.

आता कामाचं. आधी सुरक्षेची माहिती देणारा वर्ग असतो, तो पूर्ण कर. तो केल्याशिवाय यंत्राला हात लावू देत नाहीत आणि ते बरोबरच आहे. ड्रिलजवळ ओढणी नको, केस घट्ट बांध, पायात बंद बूट. सोल्डरिंग झाल्यावर हात साबणाने धुऊन मगच डब्याला हात लाव, त्या तारेत शिसं असू शकतं. लेझर चालू असताना तिथून हलायचं नाही, लाकूड पेट घेतं. पहिल्याच दिवशी मानस करायला जाऊ नकोस. इंकस्केप हे आकृत्या काढायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात साधी चौकट काढ, कापून बघ, माप बरोबर येतं का पाहा. बिघडलं तर प्लायवूडचा तुकडा वाया जाईल, एवढंच. मीही नवं कटिंग आधी जुन्या चादरीवर करून बघते.

एकटीला लाज वाटत असेल तर तुझ्या रूममेटला घेऊन जा. ती मराठी शिकते ना? दशावताराच्या मुकुटांवर लिहितेय म्हणालीस. तिला सांग, मुकुट वजनाला हलका कसा करता येईल हेही तिथेच बघता येईल. दोघी मिळून गेलात की काचेबाहेर थांबणं होणार नाही.

येत्या रविवारी घरी ये. बाबांना मी सांगितलंय, ते ओहोटीच्या वेळी तुला मानशीवर नेतील. दाराची लांबी, रुंदी, फळीची जाडी, बिजागरीची उंची, सगळं नीट लिहून घे, आणि दार कोणत्या बाजूला झुकलंय तेही. मापाची फीत मी देईन.

तुझी,
आई