हेडसेट द्या, पण त्यात आमचा बसस्टँड असू द्या

मा. दिव्यांग कल्याण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
स. न. वि. वि.

माझा मुलगा बारा वर्षांचा, स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहतो. अशा मुलांना चारचौघांत वावरायला शिकवण्यासाठी व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर चढवलं की चहूबाजूंनी खरं भासणारं चित्र दाखवणारं यंत्र, वापरतात, हे आपल्या कानावर असेलच. 1996 मध्ये संशोधक डोरोथी स्ट्रिकलँड यांनी अमेरिकेत दोन स्वमग्न मुलांवर असा प्रयोग केला होता. हेडसेटमधल्या रस्त्यावर गाडी ओळखायची. पुढचे बरेच प्रयोगही मोजक्याच मुलांवरचे. त्यामुळे चमत्काराची आशा नाही, तरी मागणी आहे.

कारण आमच्याकडे सरावाला जागाच नाही. एसटीत मुलगा पैसे मुठीत आवळून तिकिटाच्या मशीनमधून सरकणाऱ्या कागदाकडे बघत राहतो. "कुठं जायचं?" हे त्याच्या ध्यानात येईपर्यंत कंडक्टर दोन सीट पुढे. मग मागून कुणीतरी म्हणतंच, "पोट्ट्याले बोलता येत नाही का?" हेडसेटमधला कंडक्टर थांबेल, तेच दहादा विचारेल, आणि स्टँडवरचा गोंगाट हवा तेवढाच ठेवता येईल.

पण तो कंडक्टर आमचाच हवा. एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी वापरणं या मुलांना जड जातं. परदेशी मॉलमध्ये इंग्रजीत 'हॅलो' म्हणायला शिकून तो रेशन दुकानात काय करणार? चारी बाजूंनी चित्रण करणारा कॅमेरा घेऊन बसस्टँड, आठवडी बाजार, पोळ्याची गर्दी इथेच टिपा. बोलणं वऱ्हाडी असू द्या. आणि कृपा करून 'डोळ्यात बघून बोल' हा धडा त्यात घालू नका. खाली बघूनही तिकीट मागता येतं.

अर्धा किलोचं यंत्र डोक्यावर प्रत्येक मूल सहन करेल असं नाही. त्यांच्यासाठी तेच चित्रण टॅबवर द्या. नुसती खरेदी झाली तर पेटी शाळेच्या कपाटात जाईल आणि चावी हेडमास्तरांकडे, हे सांगायला नको. म्हणून गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना आधी प्रशिक्षण आणि प्रवासखर्च द्या. हेडसेटमध्ये तिकीट काढलेल्या मुलाला त्याच आठवड्यात खऱ्या एसटीत बसवणारं माणूस लागतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहेच, तेव्हा हे उपकार म्हणून मागत नाही.

चित्रीकरणाला माणसं पाठवाल तेव्हा बाजाराच्या दिवशी पाठवा. एरवी आमचा स्टँड रिकामाच असतो.

आपली,
एक आई