फलक लागला, मर्यादा राहिली

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

सॉफ्टवेअर क्षेत्रातील कार्यपद्धतींविषयी जे लेखन वाचनात येते, त्यात ‘अजाइल’, ‘लीन’ आणि ‘कानबान’ हे तीन शब्द एकाच गोष्टीची तीन नावे असावीत तसे एका दमात येतात. या क्षेत्रात बरीच वर्षे काम केलेला वाचक म्हणून एका मुद्द्याकडे लक्ष वेधावेसे वाटते. कानबानचा फलक, म्हणजे कामांची कार्डे टप्प्यांच्या रकान्यांत मांडणारा फलक, माझ्या पाहण्यातील बहुतेक टीमनी लावला. परंतु ज्या नियमामुळे तो फलक कानबानचा ठरतो, तो नियम फारच थोड्यांनी पाळला.

कानबान या जपानी शब्दाचा अर्थ पाटी किंवा फलक. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात टोयोटाच्या कारखान्यात तेथील अभियंता ताइची ओनो यांनी ही पद्धत घडवली आणि तिची प्रेरणा त्यांना अमेरिकी सुपरमार्केटमधून मिळाली, जिथे गिऱ्हाइकाने जेवढे उचलले तेवढेच फळीवर पुन्हा भरले जाते. कारखान्यात पुढच्या टप्प्याने सुटे भाग उचलले की त्यांच्यासोबतचे कार्ड मागच्या टप्प्याकडे परत जाई, आणि ते हाती आल्याखेरीज मागच्या टप्प्याने नवे भाग घडवायचे नसत. कार्ड म्हणजे काम सुरू करण्याची परवानगी होती. कार्डे मोजकीच असल्यामुळे अर्धवट मालही मोजकाच राही. सॉफ्टवेअरच्या फलकावर नेमके उलटे झाले. तिथे कार्ड म्हणजे खुद्द काम, आणि ते कोणीही, कितीही वेळा, एका क्लिकसरशी तयार करू शकतो. मग परवानगी उरली कुठे? ती उरते रकान्यातील रिकाम्या जागेत, म्हणजेच रकान्याच्या माथ्यावर लिहिलेल्या ‘एका वेळी इतकीच कामे’ या आकड्यात. तो आकडा पुसला की उरते ती केवळ रंगीत यादी.

मी काम केलेल्या एका टीममध्ये आम्ही आठ जण होतो आणि ‘चालू’ या सदराखाली एकदा बत्तीस कार्डे होती. मॅनेजर समाधानी होते, कारण कोणीही रिकामे बसलेले दिसत नव्हते. प्रत्यक्षात टेस्टिंगच्या रकान्यात अकरा कामे ताटकळत होती, रिव्ह्यूसाठी दिलेला कोड लिहिणाऱ्याच्याच विस्मरणात गेला होता आणि सलग तीन आठवडे वापरकर्त्यापर्यंत काहीही पोहोचले नव्हते. यात कोणाचा आळस नव्हता. गणितच तसे होते. जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेला रांगांचा नियम सांगतो की, सरासरी हाती असलेली कामे म्हणजे काम पुरे होण्याचा वेग गुणिले एका कामाला लागणारा सरासरी काळ. आठवड्याला पाच कामे पुरी होत असतील आणि हाती तीस असतील, तर प्रत्येक काम सरासरी सहा आठवडे रेंगाळणार. तोच वेग राखून हाती दहाच कामे ठेवली, तर दोन आठवडे. त्यासाठी कोणाला जास्त वेळ थांबावे लागत नाही की नवी भरती करावी लागत नाही.

हे केवळ कागदावरचे नाही. 2004 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अंतर्गत प्रणालींची देखभाल करणाऱ्या एका टीममध्ये डेव्हिड अँडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली हा विचार अमलात आला. तेथे एका विनंतीला सरासरी सुमारे पाच महिने लागत, आणि टीमची तिसऱ्या हिश्शाहून अधिक शक्ती कामे करण्यात नव्हे, तर येणाऱ्या प्रत्येक विनंतीला किती काम लागेल याचा अंदाज वर्तवण्यात खर्च होत असे. त्यातील कित्येक विनंत्या पुढे कधी हाती घेतल्याही जात नसत. अंदाज देणे थांबवले, हाती घ्यायच्या कामांना मर्यादा घातली आणि पुढचे काम कोणते, हे जागा रिकामी झाल्यावरच ठरू लागले. कालांतराने तोच अवधी सुमारे दोन आठवड्यांवर आला.

‘लीन’ या शब्दाचे तर अधिकच हाल झाले आहेत. मराठीत लीन म्हणजे नम्र, इंग्रजीत सडपातळ, आणि अनेक कार्यालयांत त्याचा अर्थ झाला माणसे कमी करणे. संशोधक जॉन क्रॅफ्चिक यांनी 1988 मध्ये उत्पादनपद्धतीसाठी हा शब्द रूढ केला तेव्हा रोख माणसांवर नव्हता, साचलेल्या मालावर आणि वाया जाणाऱ्या श्रमांवर होता. कारखान्यात साठा डोळ्यांना दिसतो, जागा अडवतो. सॉफ्टवेअरमध्ये मात्र अर्धवट कोड कोणाच्या पायात येत नाही. म्हणूनच मेरी आणि टॉम पॉपेनडीक या लेखकद्वयाने 2003 मध्ये लीनची तत्त्वे सॉफ्टवेअरला लावताना साठ्याच्या जागी ‘अर्धवट झालेले काम’ ठेवले, ते मला अतिशय मार्मिक वाटते. माणूस रिकामा आहे का, यापेक्षा काम कुठे वाट पाहत पडले आहे, हा लीनचा प्रश्न आहे.

स्प्रिंट, म्हणजे कामाचे ठरावीक छोटे कालखंड, पाळणाऱ्या टीमने त्यासाठी ते सोडण्याचे कारण नाही. 2001 च्या अजाइल जाहीरनाम्यासोबतच्या बारा तत्त्वांत न केलेले काम जास्तीत जास्त वाढवण्याच्या, म्हणजेच अनावश्यक काम टाळण्याच्या, कलेचा उल्लेख आहे. मर्यादेचा विचार त्याला धरूनच आहे.

अडचण येते ती मर्यादा गाठल्यावर. टेस्टिंगचा रकाना भरला की डेव्हलपरने नवे काम न उचलता टेस्टिंगला हात लावायचा असतो, आणि ‘ते माझे काम नाही’ हे वाक्य नेमके तेव्हाच ऐकू येते. दुसरीकडे वरिष्ठांकडून ‘एवढे एकच तातडीचे घ्या’ असा निरोप येतो. अशा कामासाठी फलकावर वेगळी ओळ ठेवता येते, मात्र तिच्यातही एका वेळी एकच कार्ड असावे. आमच्याकडे तिच्यात सात होती. फलक लावताना आम्ही रंग, रकाने आणि सॉफ्टवेअर यांवर दोन बैठका घेतल्या. तातडीच्या ओळीचा आकडा कोणी ठरवायचा आणि तो मोडायचा अधिकार कोणाला, हा विषय एकाही बैठकीत निघाला नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक सॉफ्टवेअर अभियंता